पडद्यावरची आई आणि हात उगारणारा मुलगा

इसापनीतीतली एक गोष्ट आपण सर्वांनी लहानपणी ऐकली आहे. फाशीला चाललेला चोर आईला जवळ बोलावतो आणि कानात काही सांगण्याऐवजी तिचा कानच चावतो. पहिली चोरी केली तेव्हाच तिने चार फटके दिले असते तर ही वेळ आली नसती, असे त्याचे म्हणणे. गोष्ट ऐकून आपण मान डोलावतो. पण त्या चोराचा बाप कुठे होता, हे कोणीच विचारत नाही.

आपल्या भागात तर हा प्रश्न विचारायलाच हवा. सातारा जिल्ह्यातल्या कितीतरी घरांतले कर्ते पुरुष सैन्यात, नाहीतर मुंबईत माथाडी कामावर. खानापूर-आटपाडीकडचे गलाई व्यावसायिक सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी देशभर पांगलेले. मागे घर, रान, सासू-सासरे आणि मुले सांभाळते ती आई. मुलगा चांगला निघाला तर ‘बापाचे नाव काढले’ आणि बिघडला तर ‘आईने लाडावून ठेवला’!

आपल्या चित्रपटांनीही हाच न्याय चालवला आहे. मेहबूब खान यांच्या १९५७ च्या ‘मदर इंडिया’तली राधा आठवा. सावकाराचे कर्ज, परागंदा झालेला नवरा, पूर आणि उपासमार यांतून तिने मुले वाढवली. त्यातला बिरजू लहानपणापासून तापट, आणि तोच तिचा लाडका. शेवटी तो सावकाराच्या मुलीला पळवून नेतो, तेव्हा आईच त्याला गोळी घालते. १९७५ च्या ‘दीवार’मधली आई गुन्हेगार मुलाचे घर सोडून जाते. १९९९ साली महेश मांजरेकरांनी ‘वास्तव’मध्ये ही कहाणी मुंबईच्या चाळीतल्या मराठी घरात आणली. पावभाजीच्या गाडीवरच्या भांडणातून खून, खुनातून टोळी, टोळीतून नशा. अखेर रघू स्वतःच आईकडे सुटका मागतो आणि ती त्याच्यावर गोळी झाडते. रीमा लागू पडद्यावरच्या या मुलापेक्षा प्रत्यक्षात वर्षभरानेच मोठ्या होत्या, पण त्या प्रसंगात त्यांनी सगळ्या थिएटरला रडवले.

आपणही रडलो. नाट्यपंढरी म्हणवणाऱ्या सांगलीला तर चांगल्या अभिनयाची पारख आहेच. परंतु आरोग्याच्या दृष्टीने पाहिले तर या चित्रपटांत मोठी उणीव दिसते. मुलाला मारणे किंवा सोडून जाणे, एवढेच मार्ग आईपुढे ठेवलेले असतात. तिच्याजवळ बसून ‘बाई, हे कधीपासून चालले आहे?’ असे विचारणारा डॉक्टर, शिक्षक किंवा नातेवाईक कथेत कुठेच नसतो.

परदेशातही फार वेगळे नाही. लायोनेल श्रायव्हर यांच्या २००३ च्या कादंबरीत, आणि तिच्यावरून २०११ साली निघालेल्या ‘वुई नीड टू टॉक अबाउट केविन’ या चित्रपटात, मुलगा शाळेत हत्याकांड करतो आणि गावाचा राग निघतो आईवर. मुलाचे काहीतरी बिनसले आहे हे तिला आधीच जाणवलेले असते, पण नवरा मनावर घेत नाही. अमेरिकेतल्या कोलंबाइन शाळेत १९९९ साली गोळीबार करणाऱ्या दोघांपैकी एकाच्या आईने, स्यू क्लेबोल्ड यांनी, २०१६ मध्ये आपली कहाणी लिहिली. त्यांचे मुलावर प्रेम होते. मात्र त्याच्या मनातले नैराश्य त्यांना ओळखता आले नव्हते.

तेव्हा मूल हिंसक का होते? एकच कारण सांगता येत नाही. काही मुलांचा पिंडच तापट असतो. आनुवंशिकता, अतिचंचलता, नैराश्य, क्वचित डोक्याला झालेली इजा, व्यसन, वाईट संगत, घरातली मारहाण, या सगळ्यांचा कमी-अधिक वाटा असतो. ज्या घरात बाप आईला मारतो, त्या घरातला मुलगा न शिकवताही धडा गिरवतो. आणि चोराने सुचवलेले ते चार फटके? वारंवार मार खाणारी मुले अधिक आक्रमक होतात, असेच अभ्यासांतून दिसून आले आहे.

आणखी एक सापळा आहे. मुलगा पैशांसाठी किंवा मोबाइलसाठी आरडाओरडा करतो. आई आधी नाही म्हणते, मग ओरडते, आणि तो भांडी आपटू लागला की शेजारी ऐकतील या धास्तीने देऊन टाकते. भांडी आपटली की मिळते, हे मुलगा शिकतो. दिले की घर शांत होते, हे आई शिकते. दर खेपेला आवाज थोडा वाढतो. यात दोघेही अडकलेले असतात. दोष एकट्या आईचा नसतो.

दोन-तीन वर्षांच्या मुलाने हातपाय आपटणे स्वाभाविक आहे. पण शाळकरी वयातही मारामारी थांबत नसेल, मुक्या जनावरांचे हाल करणे, आग लावणे, शस्त्र बाळगणे, धाक दाखवून पैसे काढणे असे प्रकार महिनोन्‌महिने चालू असतील, तर ‘मोठा झाला की सुधारेल’ म्हणून थांबू नये. घरात एक नियम ठरवावा आणि बापाने, आजीनेही तोच पाळावा. बाप दूर असेल तर फोनवर त्याने मुलाशी बोलावे, नुसता आईला जाब विचारू नये. मुलगा शांत असेल तेव्हा त्याच्याशी बोलावे, चांगले वागला तर तोंडभरून म्हणावे. राग अनावर झाला असताना वाद घालू नये. धाकट्या मुलांना घेऊन सरळ बाहेर पडावे आणि शेजाऱ्याला हाक मारावी. त्यात लाज कसली?

मदत घेण्यासाठी पुण्या-मुंबईलाच जावे लागते असे नाही. साताऱ्याचे आणि सांगलीचे सरकारी रुग्णालय जवळ आहे. तिथे मानसोपचाराबद्दल चौकशी करावी. २०२२ पासून ‘टेली-मानस’ची १४४१६ ही मोफत दूरध्वनी सेवा आहे. मुलांसाठी १०९८ आहे. मुलगा दवाखान्यात यायला तयार नसेल तर आई-वडिलांनी आधी एकटे जावे. पालकांना वागण्याच्या पद्धती शिकवणे हाच या उपचाराचा मोठा भाग असतो.

आपल्या आसपासही एखादी आई असेल. हातावरचा काळा-निळा डाग पदराआड लपवून ‘चौकट लागली’ म्हणणारी. पडद्यावरच्या आईसाठी आपण डोळे पुसतो. या आईला मात्र ‘तूच लाडावलास’ असे ऐकवतो. पुढच्या वेळी तसे म्हणण्याआधी तिच्याबरोबर दवाखान्यापर्यंत चालत जावे. बिरजूच्या आईबरोबर जायला कोणी नव्हते.