आलं का? आलं, आलं... गेलं!

बुधवारची संध्याकाळ. हिंजवडीहून कोथरूडला यायला दीड तास लागलेला, डोकं आधीच आउट. दार उघडलं आणि पाहिलं तर माझ्या हॉलमध्ये दोन टीव्ही. एक भिंतीवर, माझा, त्रेचाळीस इंची, ज्याचा शेवटचा ईएमआय मार्चमध्येच संपलाय. आणि दुसरा त्याच्या बरोबर खाली, माझ्या लाडक्या शिसवी बाकड्यावर, मनी प्लांटला कोपऱ्यात ढकलून ऐसपैस बसलेला. मागे हे भलंमोठं पोट, पुढे फुगीर काच, आणि उजव्या अंगाला आठ बटणं. वीस इंची रंगीत टीव्ही.

सोफ्यावर बाबा. दोन्ही हात मांडीवर. कॉपी करताना पकडलेल्या मुलासारखे.

"जुन्या बाजारात मिळाला," ते म्हणाले. "आठशे सांगत होता, सहाशेला दिला. चालू आहे की गं, मुंग्या येतायत बघ." आणि खरंच, त्यांनी बटण दाबलं तर खरखर करत मुंग्या आल्या.

माझे बाबा मूळचे मिरजेचे, पोस्टातून रिटायर झालेले. आई गेल्यावर मी त्यांना इकडे घेऊन आले. घेऊन आले म्हणजे, दोन बॅगा आणि 'थोडे दिवस' या बोलीवर. मी अगदी मनापासून सगळं केलं होतं हो! त्यांच्यासाठी आरामखुर्ची, बाथरूममध्ये धरायला दांडी, टीव्हीत चार ॲप्स. पण त्या टीव्हीचं आणि त्यांचं काही जमलं नाही. तो सारखा काहीतरी विचारायचा. अपडेट करू का, कोण बघतंय, पासवर्ड काय. एकदा मी किचनमध्ये होते आणि बाहेरून बाबांचा खणखणीत आवाज आला, "हो, बघतोय!" जाऊन पाहते तर स्क्रीनवर प्रश्न, तुम्ही अजून पाहताय का? बाबा टीव्हीला उत्तर देत होते. ही गोष्ट मी ऑफिसात सांगितली, सगळे खूप हसले. मीसुद्धा.

त्यानंतर बाबांनी टीव्ही लावणंच बंद केलं. ते माझ्या लक्षात आलं नाही, हा भाग वेगळा.

तर त्या बुधवारी मी काय बोलले ते इथे लिहीत नाही. "भंगार" हा शब्द होता त्यात. बाबा शांतपणे म्हणाले, "केबल जोडली की सह्याद्री दिसेल. मग मी तुला कशाला त्रास देतो?"

रात्री झोप येईना. मनात हिशेब चालू होता. गेले दोन महिने हा माणूस रोज 'मी आता जातो परत' म्हणतोय. त्याने मुठेपलीकडच्या बाजारात जाऊन, घासाघीस करून, रिक्षात घालून, रिक्षावाल्याला वर उचलायला लावून वीस-पंचवीस किलोचं धूड आणलं. थोड्या दिवसांसाठी आलेला माणूस असलं काही आणतो का?

सकाळी मी केबलवाल्याला फोन केला.

शनिवारी एक पोरगा आला. वयाने बावीस-तेवीस, कानात इअरफोन. त्याने टीव्हीभोवती एक चक्कर मारली, वस्तुसंग्रहालयात मारतात तशी. "ताई, यात काही येणार नाही. हा द्या कुणाला तरी." बाबा म्हणाले, "का येणार नाही? मिरजेला आमच्याकडे असल्याच टीव्हीवर केबल होती. वायर आणायची, मागे खुपसायची." पोरगा माझ्याकडे बघून हसला. मला त्याचा राग आला, आणि चार दिवसांपूर्वी मी असंच हसले होते हे आठवून जास्तच आला.

आता मंडळी, थोडं टेक्निकल. दोघांचंही बरोबर होतं. नव्वदच्या दशकात केबलवाला गच्चीवरच्या डिशमधून चॅनेल पकडायचा आणि प्रत्येकाला एकेक फ्रिक्वेन्सी देऊन एकाच वायरीतून सोडायचा. ॲनालॉग मामला. टीव्हीतला ट्यूनर थेट ते उचलायचा. अडचण एवढीच, की १९८२ साली देशात रंगीत टीव्ही आला तेव्हा बघायला होतं एकटं दूरदर्शन. त्यामुळे त्या पिढीच्या सेटांना आठ बटणं पुष्कळ वाटायची. १९९१च्या आखाती युद्धानंतर सीएनएन, स्टार, मग १९९२च्या ऑक्टोबरात झी, अशी रांग लागली आणि बटणं संपली. पुन्हा केबलवाले मधल्या ज्या पट्ट्यांत चॅनेल भरायचे, त्या पट्ट्या जुन्या ट्यूनरला पकडताच यायच्या नाहीत. म्हणून तर पुढच्या टीव्हींच्या जाहिरातीत 'हायपरबँड' हा शब्द ठळक छापलेला असायचा. आमच्याकडे बाबांनी कन्व्हर्टर नावाची एक डबी आणली होती. ती नको असलेला चॅनेल हव्या त्या बटणावर आणून द्यायची. गल्लीत कुणाचंही चित्र हललं की बाबांना हाक यायची. मी खाली उभी, बाबा वर, मधल्या खिडकीत आई.

"आलं का?"

"आलं, आलं... गेलं!"

हे सगळं संपलं ते कायद्याने. डिजिटल केबल सक्तीची झाली, २०१२च्या ऑक्टोबरअखेर मुंबईत, २०१३च्या मार्चअखेर पुण्यासारख्या शहरांत आणि २०१७च्या मार्चपर्यंत खेड्यापाड्यांत. आता त्या काळ्या वायरीतून येतात ते कुलूपबंद आकडे. किल्ली सेट टॉप बॉक्समध्ये. जुन्या टीव्हीला ती वायर थेट लावली तर त्याला फक्त मुंग्याच दिसणार, कारण त्याच्या लेखी तो नुसता गोंगाट आहे.

मग बॉक्स घ्या की! घेतला. बॉक्सच्या मागे तीन रंगांची भोकं, पिवळं, पांढरं, लाल. पिवळ्यातून चित्र, बाकी दोन आवाजाची. आणि आमच्या टीव्हीच्या मागे? एकच भोक. अँटेनाचं. पोरगा म्हणाला, "बघा, मी बोललो होतो," आणि बॉक्स ठेवून निघून गेला.

डिशचा पर्यायही मी बघून ठेवला होता. दूरदर्शनची फ्री डिश, महिन्याचे पैसे नाहीत, सह्याद्री आहेच. पण तिचा उपग्रह ९३.५ अंश पूर्वेला, म्हणजे पुण्यातून छत्री आग्नेयेकडे वळवावी लागते. आमची गॅलरी पश्चिमेला. गच्चीवर काही लावायचं म्हटलं की आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींना बीपीचा त्रास होतो. आणि फ्री डिशलाही बॉक्स लागतोच, म्हणजे भोकाचा प्रश्न तिथल्या तिथे.

रविवारी आम्ही दोघं तपकीर गल्लीत गेलो. बुधवार पेठेतली ही गल्ली तुम्हाला माहीत असेलच, जगातली कुठलीही वायर इथे मिळते, फक्त नाव सांगता आलं पाहिजे. मला आलं नाही. मी मोबाइलवर चित्र दाखवत फिरत होते. चौथ्या दुकानात बाबांनी मला बाजूला केलं आणि दुकानदाराला सांगितलं, "व्हिडिओचं अँटेनात घालायचंय." दुकानदाराने न बघता मागच्या फळीवरून डबी काढली. "मॉड्युलेटर."

काम सोपं असतं त्याचं. बॉक्समधून आलेलं चित्र आणि आवाज घ्यायचा, आणि जुन्या काळच्या एका चॅनेलच्या वेशात अँटेनाच्या वायरीतून पुढे पाठवायचा. टीव्हीला वाटतं, आलं दूरदर्शन! घरी आलो, जोडलं. सेटच्या पुढच्या बाजूला एक छोटी झडप असते, आत प्रत्येक बटणाचं एकेक चिमुकलं चाक. बाबांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि आठव्या बटणाचं चाक नखाने फिरवायला लागले. मुंग्या, मुंग्या, आडव्या रेघा, आणि एकदम बातम्यांची निवेदिका. रंगीत! मी टाळ्या वाजवल्या. पण निवेदिका बोलत होती आणि आवाज मात्र भज्यांच्या कढईसारखा. चर्रर्र.

चाक थोडं पुढे, थोडं मागे. कढई तशीच.

बाबा खुर्चीत बसले. "म्हातारा झाला असेल स्पीकर," म्हणाले. दोन मिनिटं कुणीच बोललं नाही. मग तेच म्हणाले, "नाही. खरखर येते म्हणजे स्पीकर चालतोय. आवाज दुसरीकडे कुठेतरी आहे."

आणि तसंच होतं! चित्राची लहर आणि आवाजाची लहर यांच्यात ठरावीक अंतर असतं. आपल्याकडच्या जुन्या पद्धतीत ते साडेपाच मेगाहर्ट्‌झ. अमेरिकेत साडेचार, काही देशांत सहा, काही ठिकाणी साडेसहा. आमची डबी बहुधा अमेरिकेच्या हिशेबाने बनलेली, तिच्यावर नुसतं ३ आणि ४ लिहिलेलं. टीव्ही आवाज साडेपाचवर शोधणार आणि आवाज साडेचारवर बसलेला. हे मी रात्री एक वाजता शोधून काढलं. बाबांनी नुसत्या कानाने काढलं होतं.

बुधवारी मी लंच अवरला निघून, बॉसला डेंटिस्ट सांगून, डबी बदलून आणली. (बॉस हे सदर वाचत नाही, अशी आशा.) नव्या डबीला मागे एक बारीक स्विच होता, बी/जी, आय, डी/के. बी/जीवर टाकला. बाबांनी चाक फिरवलं. आवाज आला. इतका मोठा, की शेजारच्या काकूंनी बेल वाजवली.

लगेच सगळं छान झालं असं नाही. नवे चॅनेल रुंद चित्र पाठवतात आणि हा टीव्ही चौकोनी. बॉक्सच्या सेटिंगमध्ये जाऊन वर-खाली काळ्या पट्ट्या स्वीकाराव्या लागल्या, नाहीतर स्कोअरचा कोपरा कापला जायचा. शिवाय टीव्ही कायम आठ नंबरवर ठेवायचा आणि चॅनेल बॉक्सच्या रिमोटने बदलायचे, हे बाबांना अजिबात पटलं नाही. "म्हणजे हा आता नुसती काच," ते म्हणाले. एका रविवारी मागचं झाकण उघडून धूळ काढायचा बेत होता, तो मात्र मी हाणून पाडला. तुम्हीही करू नका. पिक्चर ट्यूबला हजारो व्होल्ट लागतात आणि प्लग काढल्यावरही तो भार आत राहू शकतो. ते काम मेकॅनिकचं.

सगळ्यात जास्त वेळ लागला तो चॅनेलची यादी करायला. मिरजेला महिन्याला शंभर रुपये दिले की सगळंच यायचं. २०१९पासून मात्र ग्राहकाने हवे ते चॅनेल निवडायचे, नेटवर्कचं भाडं वेगळं. दूरदर्शनचे फुकट, बाकीच्यांची ज्याची त्याची किंमत. बाबा पेन्सिल घेऊन बसले, किराणा मालाच्या यादीसारखे. एक मराठी मालिकांचा चॅनेल लिहिला, खोडला, परत लिहिला. "हा तिचा," म्हणाले. मी म्हटलं, राहू दे की. एकोणीस रुपयांच्या आतलं काम.

बाकडं गेलं ते गेलंच. मनी प्लांट आता गॅलरीत आहे. मित्रमैत्रिणी येतात, त्या डब्यासमोर सेल्फी काढतात, 'सो रेट्रो' म्हणतात. बाबांना ते आवडतं की नाही, कळत नाही. पण आठ बटणांपैकी सात कशासाठी होती ते ते प्रत्येकाला सांगतात.

परवा क्लायंट कॉल चालू असताना बाबांचा फोन. मी कट केला. परत आला. पोटात गोळाच आला, मी मीटिंग म्यूट करून बाहेर पळाले.

"काय झालं बाबा?"

"काही नाही. आवाज गेला होता. डबीची पांढरी पिन ढिली झाली होती, बसवली मी. सांगावं म्हटलं." थोडं थांबून म्हणाले, "आणि येताना दूध आण. काकू येणारेत मॅच बघायला."