गावाकडे सारं पोचलंय, सोय तेवढी हवी



गेल्या अंकात परदेशस्थ वाचकाने तिथल्या ऑनलाइन खरेदीचं कौतुक करताना 'गावाकडे हे पोचायला वेळ लागेल' असं लिहिलं आहे. ते पटलं नाही. युपीआय २०१६ साली सुरू झालं. आज अंगारकीला राजूरच्या गणपतीला या. दुर्वा-फुलं विकणाऱ्या बाईच्या टोपलीलाही क्यूआर कोडचा पुठ्ठा बांधलेला दिसेल. गर्दीत नेटवर्क अडकतं, पैसे जाता जात नाहीत, तेव्हा तीच म्हणते, "जाऊ द्या भाऊ, दर्शन करून या, मग द्या." हा भरवसा मला कुठल्याही ॲपपेक्षा मोलाचा वाटतो.

परदेशी मोबाइल क्रमांकावरून अनिवासी भारतीयांच्या एनआरई-एनआरओ खात्यावर युपीआय वापरायची मुभा २०२३मध्ये अमेरिका, ब्रिटन, सिंगापूरसह दहा देशांसाठी जाहीर झाली. पत्रलेखकांनी सुट्टीत येताना जरूर वापरून पाहावं.

वस्तू विनातक्रार परत घेण्याची तिथली पद्धत मात्र इकडे यायलाच हवी. आमच्याकडे बिघडलेला मिक्सर न्यायला कुरिअरवाला आलाच नाही, वर 'ग्राहक घरी नव्हता' असा शेरा! शहरात दारापर्यंत येणारी सेवा खेड्यात फाट्यावरच थांबते, हा सरळसरळ अन्याय आहे.

शेवटी कळकळीची विनंती. आई-वडिलांना तिकडून महागडे फोन धाडणाऱ्यांनी ओटीपी कुणालाही सांगायचा नाही, हे त्यांना पुन्हा पुन्हा बजावावं आणि सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० हा क्रमांक त्यांच्या फोनमध्ये स्वतः भरून द्यावा.

– एक वाचक, राजूर (ता. भोकरदन, जि. जालना)