शेवाळाचे रूपक आणि शेवाळ

मराठी समीक्षेला शेवाळ फार प्रिय आहे. परंपरा साचली, तिच्यावर शेवाळ धरले, मग अमुक कवीने ते दूर सारून प्रवाह पुन्हा वाहता केला : अशी वाक्ये आम्ही विद्यार्थिदशेत उतरवून घेतली, पुढे वीस वर्षे वर्गात उतरवून दिली, आणि उत्तरपत्रिकांत भेटली तेव्हा त्यांना गुणही दिले. ही वाक्ये लिहिणाऱ्यांना शेवाळ कशाने धरते हे ठाऊक नसते, असा आमचा आरोप आहे. आरोपींत आम्हीही आहोत.

गेल्या वर्षी पावसाळा सरताना आम्ही तिघे सहकारी अलिबागजवळ एका स्नेह्यांच्या बंगल्यावर उतरलो होतो. अंगणातला पोहण्याचा तलाव गर्द हिरवा झाला होता. तळ सोडाच, दुसरी पायरीही दिसत नव्हती. बंगला सांभाळणारे दादा पंधरा दिवस रोज भर दुपारी त्यात क्लोरिनची पावडर टाकत होते आणि पाणी ढिम्म हलत नव्हते. आम्ही मराठीचे प्राध्यापक आहोत हे कळल्यावर त्यांनी पावडरीचा डबा आमच्यापुढे आणून ठेवला. ‘सर, यावर काय लिहिलंय ते जरा मराठीत सांगा की.’ डब्यावरचा मजकूर सगळा इंग्रजी, अक्षर मुंगीएवढे. आम्ही तो वाचला, पण त्यातून दादांच्या हाती देता येईल असे एकही धड मराठी वाक्य आम्हा तिघांना तयार करता आले नाही.

इथवर ही केवळ फजिती होती. पण डबा परत ठेवायला गेलो तर बिनखिडकीच्या खोलीत त्याच्याच शेजारी ॲसिडचा कॅन होता, आणि दोन्ही मोजायला एकच प्लास्टिकचा मग. ॲसिड आणि ही पावडर एकत्र आली की क्लोरिन वायू सुटतो. १९१५च्या एप्रिलमध्ये ईप्रच्या रणभूमीवर सोडला होता तोच. डब्यावर ही सूचना होती. ज्याच्या छातीत तो वायू जायचा, त्याला वाचता येईल अशा भाषेत मात्र ती नव्हती.

परत आल्यावर आम्ही चार पुस्तके उघडली. दादांच्या कष्टांना फळ का येत नव्हते, याचे उत्तर अगदी साधे निघाले. पाण्यात टाकलेल्या क्लोरिनपैकी शेवाळ मारणारा भाग किती, हे पाण्याच्या आम्लतेवर ठरते. सामू ७.२ असेल तर सुमारे दोन तृतीयांश क्लोरिन कामाला येतो. सामू ८ झाला तर जेमतेम पाव हिस्सा. दादांची पावडर स्वतःच सामू वाढवणारी. म्हणजे जितकी टाकावी तितके पाणी तिला निकामी करीत होते. त्यात वेळ दुपारची : संरक्षक द्रव्य नसेल तर ऊन दोन-तीन तासांत बहुतेक क्लोरिन खाऊन टाकते. दादा आळशी नव्हते आणि अडाणीही नव्हते. त्यांना कोणी काही सांगितलेच नव्हते.

आता आमच्या लाडक्या रूपकाकडे पाहा. त्या तलावाचा पंप रोज चालू होता. पाणी वाहते होते, तरी हिरवे झाले. २०१६च्या रिओ ऑलिंपिकमध्ये सूर मारण्याच्या स्पर्धांचा तलाव एका रात्रीत हिरवा पडला, तोही साचलेला नव्हता. कोणी तरी त्यात ८० लिटर हायड्रोजन पेरॉक्साइड ओतले, त्याने क्लोरिन निष्प्रभ केला आणि शेवाळाला रान मोकळे झाले. ‘वाहते ठेवा’ हा आपला उपदेश तिथे कवडीच्या कामाचा नव्हता. ‘समतोल’ हा आपला दुसरा आवडता शब्द. समतोल म्हणजे दोन टोकांच्या बरोबर मधोमध, असे आपण समजतो. तलावाच्या पाण्याचा समतोल ७ या उदासीन बिंदूवर नसतो, तो ७.२ ते ७.८च्या दरम्यान असतो आणि रोज मोजून राखावा लागतो.

यावर ठरलेले उत्तर येईल, की मराठीत यासाठी शब्दच नाहीत. हे खोटे आहे. वर आम्ही ‘सामू’ हा शब्द वापरला. माती परीक्षणाचा अहवाल हाती घेणारा शेतकरी तो रोजच्या बोलण्यात वापरतो. अडखळतो तो साहित्याचा प्राध्यापक. अल्कता वाढवायला लागतो तो खाण्याचा सोडा, सामू चढवायला धुण्याचा सोडा. गढूळपणा खाली बसवते ती तुरटी. शेवाळावर पूर्वापार वापरतात तो मोरचूद. गावच्या विहिरीत टीसीएल पावडर टाकणाऱ्या ग्रामपंचायतीच्या माणसाला क्लोरिनची ओळख आपल्याहून जुनी आहे. शब्द भाषेत आहेत. त्यांची वाक्ये करण्याचे काम ज्यांचे, ते आपण रूपके करीत बसलो आहोत.

म्हणून आम्ही एक पानभर मजकूर लिहिला. त्यातला मुख्य भाग असा :

‘आधी पाणी तपासा. सामू ७.२ ते ७.४वर आणा. त्यासाठी ॲसिड लागले तर पंप चालू ठेवून थोडे थोडे तलावात ओता. भिंती आणि तळ ब्रशने घासा. पावडर सूर्य मावळल्यावरच टाका. बादलीत आधी पाणी घ्या, मग त्यात पावडर. उलटे कधीही नाही. चाळीस हजार लिटरच्या तलावाला ६५ टक्के शक्तीची सुमारे ६१५ ग्रॅम पावडर लागेल. फिल्टर रात्रभर चालू ठेवा, तुंबला की उलटा धुवा. पाणी नितळ होऊन क्लोरिन रात्रीतून उतरेनासा होईपर्यंत रोज संध्याकाळी हेच करा. क्लोरिन लिटरला १ ते ३ मिलिग्रॅमवर येईपर्यंत कोणालाही पाण्यात उतरू देऊ नका. ॲसिड आणि पावडर वेगवेगळ्या खोल्यांत ठेवा. दोन्हींचे मग वेगळे.’

हे साहित्य नव्हे, असे म्हणणारे म्हणोत. या मजकुरात क्रम चुकला तर माणूस मरू शकतो. ‘आधी’ आणि ‘मग’ या दोन अव्ययांवर इतका भार टाकणारे वाक्य आमच्या प्रबंधांत आम्हाला आढळले नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : ज्या महाराष्ट्रात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात, तिथे बंगल्यातल्या तलावाची चिंता मराठीने का वाहावी? आमचे उत्तर असे, की तलाव धनिकाचा असला तरी छाती दादांची आहे. शिवाय अज्ञानाची किंमत पाण्यातच मोजली जाते. हिरवे पाणी सुधारता येते हे माहीत नसले, की ते सोडून देतात आणि दहा हजार लिटरचे चार टँकर मागवतात.

आणि हे काही परक्या घरचे काम नाही. ‘शेतकऱ्याचा असूड’ (१८८३) आपण अभ्यासक्रमात शिकवतो. त्यातला आवेश शिकवतो. पण शेतातली माती वाहून जाऊ नये म्हणून तालीबंधारे घालावेत, असे जोतीराव सांगू लागले की पाने उलटतो. उपयोजित मराठीच्या तासाला जाहिरात आणि निमंत्रणपत्रिका यांपुढे आपली मजल जात नाही. २०२४च्या ऑक्टोबरात मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा आपण पेढे वाटले. त्या अभिजात भाषेत ॲसिडच्या कॅनवर चिकटवायला चार ओळी नसाव्यात, याची लाज कोणाला वाटायची?

आमची मागणी छोटी आहे. पदव्युत्तर वर्गातल्या प्रत्येक विद्यार्थ्याने वर्षाला असे एक पान लिहावे : ज्याला ते वापरायचे आहे त्याच्याजवळ बसून, आणि त्याच्याकडूनच ते तपासून घेऊन. आमचे पान दादांनीच तपासले. ‘ब्रशने घर्षण करावे’ असे आम्ही लिहिले होते. ते म्हणाले, ‘घासा म्हणा ना, सर.’ वरच्या मजकुरातली ती दुरुस्ती त्यांची आहे.