इतकं काय त्यात?

रविवारी रात्री साडेदहाला मैत्रिणीचा फोन आला. अशा वेळी येणारा फोन म्हणजे एक तर ब्रेकअप, नाहीतर सोमवारचं टेन्शन. तिचा दुसऱ्या प्रकारातला होता. ‘उद्या ऑफिसला जावंसंच वाटत नाहीये.’ मी म्हटलं, ‘कुणाला वाटतं?’ आणि स्वतःच्याच जोकवर हसले. ती नाही हसली.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. तिचा बॉस. चाळिशीचा, हुशार, अप्रेझलच्या वेळी टीमसाठी भांडणारा, घरी दोन मुली. (सिनेमातल्या व्हिलनसारखा दिसला असता तर किती सोपं झालं असतं, नाही?) आधी रात्री अकराला ‘झोपलीस?’ असे मेसेज. मग स्क्रीनवर काहीतरी दाखवायला वाकताना खांद्यावर हात, आणि दाखवून झालं तरी तो हात तिथेच. मग टीम डिनरनंतर ‘घरी सोडतो’ म्हणून गाडीत. गाडीत काय झालं ते तिने एका दमात सांगितलं आणि पुन्हा त्या विषयावर आली नाही. त्यानंतर तिने त्याच्याशी कामापुरतंच बोलायचं ठरवलं. पंधरा दिवसांत तिचं क्लायंट प्रेझेंटेशन दुसऱ्याला दिलं गेलं. आणि गेल्या आठवड्यात पुन्हा मेसेज: ‘रागावलीस का?’

‘कुणाला सांगितलंस?’

शेजारच्या डेस्कवरचा मित्र म्हणाला होता, ‘चिल मार यार, तो सगळ्यांशीच तसा आहे.’ एक सिनियर मॅडम म्हणाल्या, ‘अगं, इतकं काय त्यात? आमच्या वेळी तर काय काय चालायचं!’ आणि आईला तिने सांगितलंच नव्हतं. कारण आई तिच्यावर शंभर टक्के विश्वास ठेवेल आणि म्हणेल, ‘सोड ती नोकरी, ये परत नाशिकला.’ आपल्याकडची ही खासियत आहे बघा. ऑफिसमध्ये विश्वास ठेवत नाहीत म्हणून नोकरी जाते, घरी विश्वास ठेवतात म्हणून जाते. दोन्हीकडून तोच तिच्या खुर्चीत आरामात बसून राहतो.

त्या ‘इतकं काय त्यात’ने माझं डोकं फिरलं. कारण हे वाक्य आपल्याकडे फक्त कॅन्टीनमध्ये नाही, कोर्टातही बोललं गेलंय. १९८८ साली चंदीगडच्या एका पार्टीत पंजाबचे पोलीस महासंचालक के. पी. एस. गिल यांनी रूपन देओल बजाज यांच्याशी असभ्य वर्तन केलं. बजाज या कुणी घाबरलेली ट्रेनी नव्हत्या, आयएएस अधिकारी होत्या. तरी हायकोर्टाने ही बाब क्षुल्लक ठरवून गुन्हाच रद्द केला. १९९५ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो निकाल फिरवला, १९९६ मध्ये गिल दोषी ठरले आणि २००५ मध्ये सुप्रीम कोर्टानेही त्यावर शिक्कामोर्तब केलं. सतरा वर्षं! एका आयएएस बाईला ‘इतकं आहे त्यात’ हे सिद्ध करायला.

आणि भंवरी देवींना तर तेही मिळालं नाही. राजस्थान सरकारच्या महिला विकास कार्यक्रमात त्या साथीण होत्या, जयपूरजवळच्या भटेरी गावात. बालविवाह थांबवणं हे त्यांचं कामच होतं, आणि १९९२ मध्ये ते केल्याबद्दल त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. १९९५ मध्ये सत्र न्यायालयाने आरोपींना त्या आरोपातून सोडून दिलं. मात्र त्यातूनच महिला संघटनांनी याचिका केली आणि १३ ऑगस्ट १९९७ ला ‘विशाखा’ निकाल आला. (त्या खंडपीठात न्या. सुजाता मनोहर होत्या, मुंबई हायकोर्टाच्या पहिल्या महिला न्यायमूर्ती. आपल्या शाळेच्या पुस्तकात हे का नव्हतं कोण जाणे.) या निकालाचा कायदा व्हायला मात्र २०१३ उजाडलं.

आपण एसीत बसून ज्याला ‘पॉश ट्रेनिंग’ म्हणतो आणि नेक्स्ट, नेक्स्ट दाबत सँडविच खातो, ते इथून आलंय. मीही दाबलंय नेक्स्ट. आणि खरं सांगायचं तर पहिल्या नोकरीत एका मुलीच्या कपड्यांवरून टेबलावर जोक झाला तेव्हा मीही हसले होते. त्या ग्रुपमध्ये राहायचं होतं म्हणून. तिने दुसऱ्या दिवसापासून डबा डेस्कवर खायला सुरुवात केली. तेव्हा मला वाटलं, कामात असेल.

‘मग आता कॉम्प्लिमेंटही द्यायची नाही का?’ असं विचारणारे मित्र मलाही आहेत. त्यांना मी एकच विचारते, रात्री अकराला तू तुझ्या बॉसला ‘झोपलात?’ असं विचारतोस का? नाही ना? म्हणजे कुणाला काय विचारायचं ते कळतं तुला.

असो. त्या रात्री आम्ही कायदा उघडून बसलो, ती तिच्या घरी, मी माझ्या. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत, लेखी. प्रकार पुन्हा पुन्हा झाले असतील तर शेवटच्या घटनेपासून मोजायचं. योग्य कारण असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. चौकशी ९० दिवसांत पूर्ण. तोवर बदली किंवा तीन महिन्यांपर्यंत जादा रजा मागता येते. तिला सगळ्यात धास्ती होती ती ‘पुरावा नाही म्हणून मलाच खोटी ठरवतील’ याची. तर कायद्यात स्पष्ट लिहिलंय, केवळ आरोप सिद्ध करता आला नाही म्हणून तक्रारदारावर कारवाई होत नाही. हे वाक्य तिने दोनदा वाचायला लावलं.

गाडीतल्या प्रसंगाला सोमवारी ८१ दिवस होत होते.

सोमवारी दुपारी पुन्हा फोन, जिन्यातून, कुजबुजत. ‘पँट्रीजवळ समितीची यादी लावलीये. अध्यक्ष कोण आहे माहितीये? त्याच मॅडम. इतकं काय त्यातवाल्या.’

मला काही सुचेना. मग म्हटलं, यादीत एक बाहेरची सदस्य असेल बघ, कंपनीच्या पगारावर नसलेली. ती याचसाठी असते. होती. तक्रारीच्या सहा प्रती द्यायच्या असतात नियमाप्रमाणे, सोबत मेसेजचे स्क्रीनशॉट आणि साक्षीदारांची नावं. सहाही प्रती मॅडमच्या हातात ठेवू नकोस, प्रत्येक सदस्याला स्वतः दे आणि पोच घे.

‘चिल मारवाल्याचं नाव टाकू का साक्षीदार म्हणून? डिनरला होता तो. मला गाडीत बसताना पाहिलंय त्याने.’

‘टाक.’

पलीकडून कीबोर्डचा आवाज येत होता. मध्येच थांबला.

‘सुरुवात काय करू? आदरणीय सर?’

‘अगं, समितीची अध्यक्ष बाईच असते कायद्याने,’ मी म्हटलं. ‘महोदया लिही.’