विश्लेषण : डबघाईला आलेले वॉशिंग सेंटर विकत घेतले, पहिला पैसा रंगावर की चेंबरवर?

‘वॉशिंग सेंटर चालू स्थितीत विकणे आहे’ अशी जाहिरात वाचून जागा बघायला गेले की ‘चालू स्थिती’चा अर्थ कळतो. दोनपैकी एक पंप सुरू असतो. लिफ्ट वर जाते, पण गाडी ठेवली की हळूहळू खाली बसते. चेंबर गाळाने भरलेले असते आणि फलकावरचे दर तीन वर्षांपूर्वीचे असतात. तरीही सौदा स्वस्त वाटतो. रस्त्यालगतची जागा, बोअरवेल, थ्री-फेज वीजजोडणी आणि रॅम्प हे सगळे तयार मिळते. नव्याने उभारायचे तर यातल्या प्रत्येक गोष्टीसाठी खेटे घालावे लागतात.

खरेदीत पैसे बहुतेक वेळा घरचेच असतात. कुठे वडिलांचा निवृत्तीनंतरचा फंड, तर कुठे दागिने गहाण ठेवून उचललेली रक्कम. सौदा झाल्यावर हातात जे दोन-चार लाख उरतात, ते कशावर आणि कोणत्या क्रमाने खर्च होतात यावर पुढचे वर्ष ठरते. इथेच गल्लत होते. पहिल्या पंधरवड्यात रंगकाम, मोठा फ्लेक्स, एलईडी दिवे, नवे फोम मशीन आणि उद्घाटनाची सवलत यांवर खिसा रिकामा होतो. दुसऱ्या महिन्यात पंप बसतो. सवलतीत आलेला ग्राहक रांगेत उभा राहतो, वैतागतो आणि परत येत नाही. दुर्लक्षित धंदा सावरताना आधी दिसणाऱ्या गोष्टी करणे हा सर्वांत महागडा मार्ग आहे.

पहिले काम जिवाचे

वॉशिंग सेंटर म्हणजे दिवसभर ओली असणारी फरशी, त्यावर पसरलेल्या वायरी आणि स्लिपर घालून काम करणारी मुले. मोटार, कॉम्प्रेसर आणि व्हॅक्यूम क्लीनर यांपैकी कशातही गळती करंट आला तर वाट माणसाच्या अंगातूनच निघते. त्यामुळे ताबा मिळाल्यावर पहिला फोन फ्लेक्सवाल्याला न करता परवानाधारक इलेक्ट्रिशियनला करावा. अर्थिंगची तपासणी, ३० मिलिअँपिअरला तुटणारे आरसीसीबी, पाण्यापासून झाकलेले सॉकेट आणि जमिनीवरून उचललेल्या वायरी या कामाला उद्घाटनाच्या मांडवाइतकाही खर्च येत नाही. साधा एमसीबी ओव्हरलोड आणि शॉर्ट सर्किटसाठी असतो. शॉक बसलेल्या माणसाला तो वाचवत नाही. हा फरक जुन्या मालकांपैकी अनेकांच्या गावीही नसतो.

दुसरी धोक्याची वस्तू लिफ्ट. वर उचललेली गाडी आपोआप खाली सरकत असेल तर सील गळते आहे, असे समजून लिफ्ट त्याच दिवशी बंद ठेवावी. ‘थोडीशीच बसते’ हे उत्तर चालत नाही, कारण खालून पाणी मारणारा मुलगा तिच्याच खाली उभा असतो. नुसत्या तेलाच्या आणि हवेच्या दाबावर गाडी टांगून ठेवू नये. लॉक किंवा आधाराचा खांब हवाच. कॉम्प्रेसरच्या टाकीत साचलेले पाणी रोज काढणे आणि तिचा सेफ्टी व्हॉल्व्ह खरोखर उघडतो का ते पाहणे, ही कामे तर फुकटात होतात. लिफ्ट दुरुस्त होईपर्यंत ‘बॉटम वॉशिंग’ रॅम्पवर करावे किंवा नाही म्हणावे. चार गिऱ्हाइके गेली तरी चालतील.

मग कागद आणि चेंबर

ही दोन्ही कामे कंटाळवाणी, म्हणूनच मागे पडतात. जुन्या मालकाची वीजबिलाची थकबाकी हा यातला पहिला खड्डा. नव्या मालकाने जोडणी मागितली तर वीज कंपनी नियमांनुसार जागेवरची जुनी थकबाकी भरण्याची अट घालू शकते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९ मे २०२३ रोजी दिला आहे. त्यामुळे शेवटचे बिल आणि ते भरल्याची पावती सौद्यापूर्वीच पाहायला हवी. सौदा होऊन गेला असेल तर निदान हा आकडा पहिल्या आठवड्यात कळलेला बरा.

दुसरा खड्डा सांडपाण्याचा. गाडी धुतलेल्या पाण्यात माती, ग्रीस, ऑइल आणि शॅम्पू असतो. १९७४ च्या जल प्रदूषण प्रतिबंधक कायद्याचे कलम २४ असे पाणी ओढ्यात, गटारात किंवा जमिनीवर सोडायला मनाई करते आणि कलम २५ नुसार विसर्गासाठी प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागते. जुन्या मालकाकडे ती होती का, ती नव्या नावावर कशी होईल आणि नुसती धुलाई व दुरुस्तीसह धुलाई यांत काय फरक पडतो, हे मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयात विचारून घ्यावे. शेजारच्या शेतकऱ्याने विहिरीवर तवंग आल्याची तक्रार केल्यावर ही चौकशी करण्यात अर्थ नसतो.

चेंबर उपसणे हे सर्वांत घाण काम, पण त्याचा परतावा सर्वांत लवकर मिळतो. गाळ बसण्याची टाकी भरलेली असली की पाणी रॅम्पवर तुंबते, मुले घोटाभर चिखलात उभी राहतात आणि धुतलेली गाडी बाहेर पडताना पुन्हा माखते. एका मागोमाग तीन कप्पे, त्यातल्या एकात तेल वर तरंगून अडेल अशी भिंत आणि दर आठवड्याला गाळ काढणे, इतके साधे हे तंत्र आहे.

याच ओघात एक जुनी सवय मोडायला हवी. धुतल्यावर गाडीच्या खालून डिझेल किंवा जळके ऑइल फवारण्याची पद्धत अजून अनेक ठिकाणी आहे. गंज लागत नाही, असे सांगितले जाते. प्रत्यक्षात डिझेलने रबरी बुश फुगतात आणि चिकट थरावर धूळ बसते. वापरलेले ऑइल हा २०१६ च्या नियमांनुसार घातक कचरा आहे. तो अधिकृत पुनर्प्रक्रियादाराकडेच द्यावा लागतो. ‘फवारणी नाही का?’ असे विचारणारे ग्राहक भेटतील. त्यांना नाही म्हणून सांगावे.

पाणी : किती, कसले आणि कुठून?

या धंद्याचा कच्चा माल पाणी आहे. तरीही खरेदी करताना बोअरला ‘भरपूर पाणी आहे’ या तोंडी शब्दापलीकडे कोणी जात नाही. साधा हिशेब करून पाहू. पंप मिनिटाला १५ लिटर पाणी फेकत असेल आणि एका गाडीसाठी गन दहा मिनिटे उघडी राहत असेल, तर १५० लिटर लागतात. दिवसाला २० गाड्या म्हणजे ३,००० लिटर. बोअर मे महिन्यात एवढे देते का, हा खरा प्रश्न. नोव्हेंबरात सौदा करणाऱ्याला त्याचे उत्तर शेजारच्या हॉटेलवाल्याकडून किंवा जुन्या कामगाराकडूनच मिळू शकते.

नळाच्या पाण्यावर विसंबणे धोक्याचे आहे. मार्च २०२४ मध्ये बेंगळूरुच्या जलमंडळाने पिण्याच्या पाण्याने वाहने धुण्यास बंदी घालून ५,००० रुपये दंड लावला. महाराष्ट्रातही उन्हाळ्यात पाणीकपात सुरू झाली की पालिकांची नजर आधी वॉशिंग सेंटरकडे वळते, आणि ते चुकीचेही नाही. म्हणून साठवण टाकी आणि पाण्याचा फेरवापर यांचा क्रम नव्या फोम मशीनच्या वर लागतो. गाळ बसून निथळलेले पाणी पहिल्या फवाऱ्याला आणि चाकांच्या आतल्या बाजूला चालते. शेवटचे पाणी मात्र ताजेच हवे. त्यात बारीक रेती राहिली तर पुसताना रंगावर ओरखडे उठतात आणि भरपाईचे भांडण गळ्यात पडते.

बोअरच्या पाण्याची दुसरी अडचण म्हणजे क्षार. काळी गाडी उन्हात वाळली की तिच्यावर पांढरे ठिपके उठतात आणि ग्राहक म्हणतो, नीट धुतली नाही. पाण्याची कठीणता प्रयोगशाळेत तपासून घ्यावी. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकात लिटरला २०० मिलिग्रॅमची स्वीकार्य मर्यादा आहे. तुलनेसाठी तो आकडा उपयोगी पडतो. विक्रेता लगेच सॉफ्टनर गळ्यात मारेल. सॉफ्टनर कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या जागी सोडियम आणतो. शॅम्पू कमी लागतो आणि डाग सहज पुसले जातात, पण क्षार पूर्णपणे जात नाहीत. त्याआधी शेडवर हिरवी जाळी टाकून सावली करणे आणि पाणी वाळण्याआधी गाडी पुसणे, हा स्वस्त उपाय करून पाहावा.

नवा पंप की नवे नोझल?

‘प्रेशर येत नाही’ ही जुन्या सेंटरची ठरलेली तक्रार आणि ‘मोठा पंप घ्या’ हा ठरलेला सल्ला. पण प्रेशर बऱ्याचदा नोझलपाशी हरवलेले असते. रेतीमिश्रित पाण्याने नोझलचे छिद्र झिजते. छिद्राचा व्यास फक्त १० टक्के वाढला तर क्षेत्रफळ २१ टक्के वाढते आणि तेवढ्याच प्रवाहाला दाब जवळपास एक तृतीयांश घटतो. हे साधे गणित आहे. काही शे रुपयांचे नोझल, पंपाआधीची जाळी आणि गळके सील बदलल्यावरच पंपाबद्दल मत बनवावे. मिनिटाला १५ लिटर पाणी १२० बारला फेकायला सुमारे ३ किलोवॅट ताकद लागते, म्हणजे नुकसान धरून पाच एचपीची मोटार पुरते. त्याहून मोठ्या पंपाबरोबर वाढीव वीजभार आणि जास्त पाणीही येते.

मोठे यंत्र घ्यायचेच असेल तर आधी तीन आठवडे वही ठेवावी. गाडी कधी आली, धुणे कधी संपले, व्हॅक्यूम कधी सुरू झाला, गाडी बाहेर कधी पडली आणि कोण न थांबता परत गेला, एवढे लिहिले तरी पुरे. समजा, पाणी आणि फोमला १५ मिनिटे लागतात आणि व्हॅक्यूम व पुसण्याला २५. मग रांग पुसण्यापाशी अडते आहे. इथे दुप्पट ताकदीचा पंप आणला तर ओल्या गाड्यांचीच रांग वाढेल. दुसरा व्हॅक्यूम, मायक्रोफायबर कापडांचे दोन डझन आणि आणखी एक माणूस घेतला की काम हलते.

माणसांचा क्रम कितवा?

यंत्रांच्या यादीत मुलांचे नाव नसते. जुन्या सेंटरवर टिकून राहिलेला एखादा कामगार असतो. कोणता व्हॉल्व्ह कुठे गाडला आहे आणि कोणत्या टॅक्सीवाल्याची उधारी किती, हे त्यालाच माहीत असते. नवा मालक आल्यावर पहिला तोच निघून जातो, कारण त्याचा मागचा पगार अडकलेला असतो आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. त्याच्याशी पहिल्याच दिवशी बसून बोलावे. गमबूट, हातमोजे आणि ठरलेल्या तारखेला पगार हा खर्च रंगकामाच्या आधीचा आहे. दिवसभर शॅम्पूच्या पाण्यात हात असलेल्या मुलाची बोटे सोलवटतात, हे कुठल्याही सेंटरवर जाऊन पाहता येईल.

दर, कर आणि फ्लेक्स

आता आकड्यांकडे. रोज २० गाड्या, सरासरी ३०० रुपये, महिन्याला २६ दिवस धरले तर वर्षाची उलाढाल १८ लाख ७२ हजार होते. सेवांसाठी जीएसटी नोंदणीची मर्यादा २० लाखांची आहे. त्यात दुचाकी मिळवल्या की ती ओलांडली जाते. त्यामुळे दर ठरवताना १८ टक्के कर डोक्यात हवा. ५० लाखांपर्यंतच्या लहान सेवा व्यावसायिकांना सहा टक्क्यांची कंपोझिशन योजना आहे. ग्राहक बहुतांश घरगुती असतील तर तिचा विचार करता येतो. कर्जाच्या बाबतीत एक गैरसमज दिसतो. पीएमईजीपीचे अनुदान नव्या उद्योगासाठी आहे, जुने चालते युनिट त्यात बसत नाही. दुरुस्तीसाठी मुद्रा कर्जाचा मार्ग खुला असतो.

बदल डोळ्यांना दिसला नाही तर ग्राहक येईल कसा, असा आक्षेप घेतला जातो आणि त्यात तथ्य आहे. पण दिसण्यासाठी रंगच लागतो असे नाही. तुंबलेले पाणी नसलेला रॅम्प, बसायला चार खुर्च्या, वापरता येईल असे स्वच्छतागृह आणि मोठ्या अक्षरांतला स्पष्ट दरफलक एवढ्यानेही जागा बदललेली कळते. विशेषतः कुटुंबासह थांबणाऱ्यांना.

फ्लेक्स आणि उद्घाटन खंडेनवमीच्या पंधरा दिवस आधी ठेवावे. दसऱ्याच्या पूजेसाठी गाड्यांची रांग लागते आणि जाहिरात न करताही नवे ग्राहक दारात येतात. मात्र त्या दिवशी दोन्ही पंप, लिफ्ट आणि चेंबर सलग बारा तास चालले पाहिजेत. सौदा ऑगस्टमध्ये झाला असेल आणि चेंबर अजून उपसलेले नसेल, तर यंदाचा दसरा जुन्याच फलकाखाली काढावा.