विलायती दुनळीचे माहात्म्य

आमचा एक भाचा बर्मिंगहॅमजवळ राहतो. त्याला मातीच्या तबकड्या उडवायचा नाद आहे. मध्यंतरी त्याने जुनी दुनळी घ्यायचे ठरवले आणि आमच्या घरात दोन तट पडले. एक होती पहिल्या महायुद्धाच्या आधीची, बर्मिंगहॅमची बॉक्सलॉक. दुसरी साठच्या दशकातली स्पॅनिश, ए.वाय.ए. नंबर टू. (नुसती अक्षरे वाचली तर 'आया' होते, त्यावर यथेच्छ विनोद झाले.)

थोरले बंधू आप्पा फोनवर म्हणाले, "स्पॅनिश? त्यापेक्षा काठी घे. बंदूक घ्यावी तर विलायती."

हे वाक्य मी सत्तर वर्षे ऐकतो आहे. आता उत्तर देतोच.

लंडनच्या उत्तम बंदुकांबद्दल माझे काही म्हणणे नाही. फ्रेडरिक बीस्लीने १८८० साली पेटंट घेतलेली रचना पर्डीने उचलली आणि आजवर टिकवली. पर्डी, बॉस, हॉलंड अँड हॉलंड यांची किंमत ज्याला परवडते त्याने जरूर मोजावी, विकतानाही ती वसूल होते. पण या चार-दोन घराण्यांची पुण्याई ब्रिटनमधल्या प्रत्येक नळीला का चिकटवायची? राजवाड्याच्या गल्लीत राहणारा प्रत्येकजण राजा नसतो.

आता एइबार. बास्क प्रांतातले हे गाव पिढ्यान्‌पिढ्या बंदुका घडवत आले. १९३७ साली यादवी युद्धात ते उद्ध्वस्त झाले आणि पुन्हा उभे राहिले. ओर्बेआ सायकली करणारे घराणेही मुळात तिथले बंदूकवालेच. तिथल्या कारागिरांनी हॉलंडची साइडलॉक रचना समोर ठेवून नंबर टू घडवली. नक्कल म्हणा हवे तर! पण लंडनच्या साइडलॉकच्या किमतीच्या लहानशा हिश्श्यात ती मिळते, आणि खुद्द इंग्रज शिकारी पन्नास-साठ वर्षे ती खांद्याला लावत आले आहेत. सगळाच स्पॅनिश माल असा नव्हता, हेही खरे. निर्यातीसाठी केलेल्या स्वस्त बंदुकांचे पोलाद मऊ, चाप खरखरीत. बदनामी झाली ती त्यांच्यामुळे.

मग बघायचे काय? नळीची जाडी. आत खड्डे आहेत का. नळ्या झिजून परीक्षेच्या मापाबाहेर गेल्या आहेत का. १८६८ च्या कायद्याने ब्रिटनमध्ये परीक्षेत न बसणारी बंदूक विकणे गुन्हा आहे. जुन्या इंग्रजी बंदुका बहुधा अडीच इंची काडतुसासाठी केलेल्या, त्यात पावणेतीन इंची भरणे म्हणजे जिवाशी खेळ. नावाची पट्टी कितीही सुंदर असो, फुटलेली नळी हात बघते, नाव बघत नाही.

आणि आप्पा, आपल्या अण्णांची 'विलायती' बंदूक आठवते? कोकणात रानडुकरांपासून भात राखायला परवाना काढून घेतलेली. तिच्यावर 'डब्ल्यू. रिचर्ड्स' असे होते म्हणून अण्णांनी दोन गाई विकून जास्तीचे पैसे मोजले. ती विकायची वेळ आली तेव्हा मी मास्तरकीच्या सवयीने नळ्यांवरचे सगळे ठसे वहीत उतरवून ठेवले होते. लंबवर्तुळात ई, एल, जी. परवा भाच्याला ते पान पाठवले. तो म्हणाला, "मामा, हा बेल्जियममधल्या लिएजचा ठसा आहे. वेस्टली रिचर्ड्सशी साधर्म्य दाखवायला तिथले लोक स्वस्त बंदुकांवर असे नाव ठोकत."

मी बराच वेळ गप्प बसलो. अण्णांचा राग आला नाही, गाईंचे वाईट वाटले. त्या बंदुकीने डुकरे मात्र नीट मारली, हेही सांगायला हवे.

भाच्याने दोन्ही बंदुका तिथल्या कारागिराकडून मोजून घेतल्या. बर्मिंगहॅमवालीची डावी नळी मधोमध धोक्याइतकी पातळ निघाली. त्याने स्पॅनिश घेतली. आप्पांना हे कोणी अजून सांगितलेले नाही. आता इथे वाचतीलच.