गुलामांचा कापूस, मँचेस्टरचे सूत

कापूस पिकवणाऱ्याला वेचणी म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. बोंडे एकदम फुटत नाहीत, त्याच तासात पुन्हा पुन्हा वाकावे लागते. विलायतेतल्या सूतगिरण्या ज्या कापसावर वाढल्या, तो बहुतेक अमेरिकेतल्या गुलामांनी असाच वाकून वेचलेला होता.

दक्षिण अमेरिकी संस्थानांत होणाऱ्या कापसाची रुई सरकीला घट्ट धरून असे. हाताने सोडवायला बसले तर दिवसभरात जेमतेम अर्धा किलो निघे. १७९३ साली एली व्हिटनी या तरुणाने दातेरी जीन तयार केला आणि दिवसाला वीस-बावीस किलो रुई निघू लागली. यंत्र आले म्हणजे मजुराचे कष्ट हलके झाले असे कोणालाही वाटेल. झाले उलटेच. सरकीचा अडसर गेला आणि इंग्लंडच्या गिरण्या तर रुईसाठी वखवखलेल्या; मग कापूस लावावा तेवढा थोडा. वेचायला मात्र यंत्र नव्हते, हातच लागत. १७९० साली तिथे सुमारे ३,००० गाठी होत, १८६० साली ४० लाखांच्या घरात गेल्या. गुलाम ७ लाखांचे जवळजवळ ४० लाख झाले. १८०८ पासून आफ्रिकेतून गुलाम आणायला बंदी होती, म्हणून जुन्या तंबाखूच्या मुलखातून सुमारे १० लाख माणसे कापसाच्या मुलखात हलवली. त्यातली बरीचशी बाजारात विकून. आई एकीकडे, पोर दुसरीकडे.

सॉलोमन नॉर्थप हा न्यूयॉर्क राज्यातला स्वतंत्र काळा माणूस. १८४१ साली त्याला फसवून पळवले आणि लुइझियानाकडे विकले. १८५३ साली सुटून आल्यावर त्याने पुस्तक लिहिले, त्यात संध्याकाळच्या काट्याची हकिकत आहे. दिवसाचा नेम २०० पौंड, म्हणजे ९० किलो. कमी भरला तर चाबूक. जास्त भरला तर उद्यापासून नेमच तेवढा! त्यामुळे टोपली घेऊन काट्याकडे जाताना ज्याच्या त्याच्या पोटात गोळा. तिकडच्या सुधारलेल्या जातीचे बोंड मोठे आणि वेचायला सोपे होते हे खरे. तरी आपल्याकडे वेचणीला जाणाऱ्या बायांना ९० किलो म्हणजे काय ते विचारून पाहा.

आपण कर्जापायी जमीन गहाण टाकतो, तिथे माणसे गहाण पडत. त्या तारणावर उभ्या राहिलेल्या मळेवाल्यांच्या बँकांचे रोखे लंडनच्या पेढ्या विकत. इंग्लंडने आपल्या वसाहतींतली गुलामी बंद करण्याचा कायदा १८३३ साली केला, पण लिव्हरपूलच्या धक्क्यावर उतरणाऱ्या कापसात रुपयाला बारा आण्यांहून जास्त माल गुलामांच्या हातचा होता. नुसत्या गुलामीवर कारखाने उभे राहिले असे म्हणता येणार नाही. कोळसा होता, वाफेचे इंजिन होते, कारागिरी होती; कशाचा वाटा किती, यावर इतिहासकार अजून भांडतात. पण रुईच नसती तर त्या चात्यांवर कातायचे काय?

१८६१ साली अमेरिकेत यादवी पेटली. उत्तरेने दक्षिणेची बंदरे रोखली. लँकेशायरच्या गिरण्या बंद पडल्या, घरोघर उपासमार. तरीही मँचेस्टरच्या कामगारांनी १८६२ च्या अखेरच्या दिवशी सभा भरवून गुलामी मोडण्यासाठी लिंकनला पाठिंबा कळवला. ही गोष्ट मला फार मोठी वाटते. इकडे खानदेश-वऱ्हाडच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला, मुंबईत सट्ट्याला ऊत आला, आणि १८६५ साली लढाई संपताच सगळे कोसळले.

त्याच वर्षी अमेरिकेत गुलामी कायद्याने गेली. सुटलेल्या माणसांपैकी बहुतेकांना जमीन मिळाली नाही. पुष्कळांनी जुन्याच मळेवाल्याची जमीन बटईने धरली. बियाणे, पीठ, कापड दुकानातून उधार आणायचे आणि हंगामाला कापसाच्या वाट्यातून फेडायचे. वेचणी हातानेच चालू होती. वेचणीचे यंत्र तिथल्या शेतांत धावू लागले ते १९४० नंतर.